धागा: बीएसए एम २० (दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश लष्करी मोटरसायकल; डब्ल्यूडी म्हणजे वॉर डिपार्टमेंट) – काम कुठून सुरू करावं?

साईडकार_नको

डब्ल्यूएम २० आहे, ४९६ सीसी साईड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला). आत्ताची अवस्था अशी:

इंजिन मोकळं फिरतं, कॉम्प्रेशन बरं आहे, ठिणगी शून्य. टाकी आतून गंजलेली. बाहेरून रंगाचे निदान तीन थर दिसतात. गर्डर फोर्कला (पुढच्या चाकाचा जुन्या पद्धतीचा, कड्यांवर हलणारा काटा) आडवा खेळ. प्रायमरी कव्हर (इंजिनपासून क्लचपर्यंतच्या चेनचं झाकण) उघडलं तर क्लच तेलात भिजलेला. निम्मे नटबोल्ट कुणीतरी मिलिमीटरचे घातलेत. इंजिन नंबर आणि फ्रेम नंबर वेगवेगळे. आरसी बुक आहे, त्यावरचा फ्रेम नंबर गाडीशी जुळतो.

पेंटर टाकी आणि मडगार्ड मागतोय. देऊन टाकू का? म्हणजे रंग होईपर्यंत इंजिन बघता येईल.

टॅपेटराव

देऊ नका. रंग सगळ्यात शेवटी. आधी सगळी गाडी बिनरंगाची जोडून, चालवून, तेल कुठून गळतं ते बघून, मग पुन्हा खोलून रंगवायची. रंगवलेल्या फ्रेमवर फोर्कचा बुश ठोकताना काय होतं ते पेंटरला दिसत नाही, तुम्हाला दिसतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. ते तीन थर म्हणजे तुमच्या गाडीची जन्मपत्रिका आहे. पेंटर पहिल्याच दिवशी केमिकल रिमूव्हर लावून ती धुऊन टाकेल. सीटखाली, टूलबॉक्सच्या मागच्या बाजूला, हेडस्टॉकच्या आतल्या कोपऱ्यात ६०० नंबरच्या वॉटर पेपरने रुपयाएवढी जागा हळूहळू घासा. थर गोल गोल उमटतील. प्रत्येकाचा दिवसाच्या उजेडात फोटो काढा, मग पुढचं बोलू.

नंबर जुळत नाहीत याचं वाईट वाटून घेऊ नका. सैन्याच्या वर्कशॉपमध्ये इंजिन ही बदलायची वस्तू होती. एक उतरवायचं, तयार असलेलं दुसरं चढवायचं, उतरवलेलं दुरुस्त होऊन तिसऱ्याच गाडीत जायचं. काळजी करायची ती नंबरची जागा घासून सपाट केलेली असेल तर, किंवा अक्षरं एका ओळीत नको इतकी सुबक आणि ताजी असतील तर. इंजिन नंबर डाव्या क्रँककेसवर सिलिंडरच्या पायाखाली असतो. तिथला ओतकामाचा खडबडीतपणा शाबूत आहे का, भिंगातून बघा.

बोअरस्ट्रोक

टॅपेटरावांशी सहमत. पण त्याही आधी पाने घ्या. मिलिमीटरच्या पान्यांनी ही गाडी उघडायला घेतली की एकेक नट गोल होत जातो.

व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, नटाच्या दोन सपाट बाजूंमधल्या अंतराचा नव्हे. प्रत्यक्ष अंतरं:

३/१६ डब्ल्यू – ०.४४५ इंच (११.३ मिमी)
१/४ डब्ल्यू – ०.५२५ इंच (१३.३ मिमी)
५/१६ डब्ल्यू – ०.६०० इंच (१५.२ मिमी)
३/८ डब्ल्यू – ०.७१० इंच (१८ मिमी)

म्हणजे १८ चा पाना तेवढा नीट बसतो. १३ चा १/४ वर चढतच नाही, १४ चा घसरतो. पान्यावर दोन आकडे असतील, उदा. १/४ डब्ल्यू (व्हिटवर्थ) आणि ५/१६ बीएस (बीएसएफ, म्हणजे ब्रिटिश बारीक आटे), तर गोंधळू नका, दोन्ही एकच माप.

आट्यांचं प्रकरण याहून वाईट. फ्रेम, फोर्क, अॅक्सल इथे सायकल थ्रेड, म्हणजे बहुतेक सगळीकडे इंचाला २६ आटे, कोन ६० अंश. बीएसएफचा कोन ५५ अंश आणि आटे जाडीप्रमाणे बदलतात: १/४ ला २६, ५/१६ ला २२, ३/८ ला २०. अल्युमिनियममध्ये शिरणारं स्टडचं टोक बहुधा जाड व्हिटवर्थ आट्याचं असतं.

आता एम ८ चा बोल्ट ५/१६ च्या भोकात का जातो ते बघा. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, त्यामुळे तो पहिले दोन आटे गोड बोलत शिरतो. एम ८ ला इंचाला साधारण २० आटे, समोर २६. तिसऱ्या आट्याला अडकतो, मेकॅनिक जोर लावतो, आतले आटे कापले जातात. तुमच्या गाडीत जिथे जिथे मिमी बोल्ट आहे तिथलं भोक संशयित धरा. थ्रेड गेज लावा, योग्य टॅप हाताने फिरवून आटे साफ करा. आटे उरलेच नसतील तर ब्रासचा किंवा स्टीलचा बुश आत बसवून मूळ मापाचे आटे मारा. वरच्या मापाचा बोल्ट घालून वेळ मारून नेऊ नका. पुढच्या माणसाला भोकाभोवती धातूच उरत नाही.

२६ आट्यांचा टॅप-डाय सेट हार्डवेअरच्या दुकानात मागितला तर दुकानदार तोंडाकडे बघतो. जुन्या सायकलवाल्यांकडे आणि जुन्या बाजारात मिळतो.

काळी_टाकी

ठिणगीचं कुणीच बोललं नाही अजून. मॅग्नेटो (बॅटरीशिवाय ठिणगी तयार करणारं यंत्र) 'मेला' म्हणून कॉइल-बॅटरी इग्निशन बसवून देणारे बरेच भेटतील. तसं करू नका, या गाडीचा लुकास एमओ१ मॅगडायनो दुरुस्त होतो.

तीनइंची

बरोबर. लुकास मॅगडायनो म्हणजे खाली मॅग्नेटो, त्याच्या पाठीवर पट्ट्याने बांधलेला तीन इंची डायनॅमो. दोघांचा संबंध फक्त एका फायबर गिअरपुरता. ठिणगीला बॅटरी लागत नाही, त्यामुळे दिवे बंद असले तरी गाडी सुरू व्हायलाच हवी. दोन्ही तक्रारी वेगळ्या धरा.

उघडण्याआधी करायच्या गोष्टी:

पॉइंट पूर्ण उघडलेले असताना गॅप ०.०१२ इंच, म्हणजे ०.३० मिमी. पॉइंट काळवंडले असतील तर बारीक पेपरने घासून स्पिरिटने पुसा. मग प्लगच्या वायरचा पिक-अप काढा. त्या भोकातून आत स्लिप रिंग दिसते. पेन्सिलीच्या टोकाला कोरडं सुती फडकं गुंडाळून रिंगवर टेकवा आणि दुसऱ्याला हळू किक फिरवायला सांगा. फडकं काळं निघालं की ठिणगी कुठे जिरत होती ते कळेल. पिक-अपचा कार्बन ब्रश स्प्रिंगवर मोकळा हलतो का, प्लॅस्टिकला केसासारखी चीर आहे का, हेही बघा. चिरेतून ठिणगी बॉडीला जाते.

एवढं करून ठिणगी नसेल तर आर्मेचर बाहेर काढावं लागेल. इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. आर्मेचर ओढण्याआधी तीन गोष्टी बाहेर काढायच्याच: पिक-अप, अर्थ ब्रश आणि सेफ्टी गॅपचा स्क्रू. हा स्क्रू बाहेरून साधा स्क्रू दिसतो, आत त्याचं टोक स्लिप रिंगच्या कडेपर्यंत गेलेलं असतं. तो तसाच ठेवून आर्मेचर ओढलं की रिंगची कड तुटते. अर्थ ब्रशही लोक विसरतात, कारण तो मुळात असतो हेच माहीत नसतं.

वाइंडिंग मोजा. प्रायमरी अर्ध्या ओहमच्या आसपास, सेकंडरी पाच-सहा हजार ओहम. दोन्ही ठीक असतील आणि ठिणगी पिवळी, मरतुकडी असेल तर कंडेन्सर. तो आर्मेचरच्या एका टोकाला आतच पुरलेला आहे. 'थंड असताना सुरू होते, दहा किलोमीटरने बंद पडते, अर्ध्या तासाने परत सुरू होते' ही तक्रार शंभर टक्के नाही, पण बहुतेकदा त्याचीच. नवा कंडेन्सर ०.१५ ते ०.२ मायक्रोफॅरडचा, पल्स झेपणारा घ्या. रेडिओतला कुठलाही चालत नाही, तिथे पॉइंट उघडताना काहीशे व्होल्टचा झटका बसतो.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा खास रोग म्हणजे शेलॅक. जुन्या वाइंडिंगवर लाखेचं लेपण असतं. गरम होऊन ते पातळ होतं, बाहेर पसरतं आणि थंड झाल्यावर आर्मेचर बॉडीला चिकटतं. किक मारताना मॅग्नेटो अडकल्यासारखा वाटला तर जोर लावू नका. रिवाइंड करणाऱ्याला आधीच सांगा की लाख नको, इपॉक्सी भरा.

बेअरिंग बदलताना बाहेरच्या कपामागे कागदासारखी इन्सुलेशनची पट्टी निघते. कचरा समजून फेकू नका, ती परत हवीच. ती नसेल तर करंट अर्थ ब्रशऐवजी बेअरिंगच्या गोळ्यांमधून जायला लागतो आणि नवं बेअरिंग खड्डे पडून खराब होतं. आर्मेचर बाहेर असेपर्यंत चुंबकाच्या दोन्ही ध्रुवांवर मऊ लोखंडाची पट्टी आडवी ठेवा.

साईडकार_नको

पिक-अपला चीर आहे. स्लिप रिंग साफ केल्यावर बारीक ठिणगी दिसली. पॉइंटचा गॅप दुप्पट होता. डायनॅमोचं काय?

तीनइंची

नवा पिक-अप टाका, मग बघा. डायनॅमोची परीक्षा सोपी आहे. डी (डायनॅमोचा मुख्य करंट) आणि एफ (फील्ड) या दोन्ही वायरी सोडवा, दोन्ही टर्मिनल एकमेकांना जोडा, त्या जोडापासून बॉडीपर्यंत व्होल्टमीटर लावा. इंजिनचा वेग आस्ते वाढवा, व्होल्टेज भराभर चढायला हवं. १० च्या वर नेऊ नका, तेवढ्यात निकाल लागतो. काहीच नाही: ब्रश बघा. अर्धा व्होल्ट: फील्ड वाइंडिंगवर संशय. तीनच्या आसपास अडकला: आर्मेचर.

इंजिन सुरू होत नसेल तर डायनॅमो उतरवून, डी-एफ जोडून, त्याला ६ व्होल्टची बॅटरी लावा. विजेच्या मोटरसारखा फिरला पाहिजे.

बराच काळ पडून असलेला डायनॅमो चुंबकत्व विसरतो, किंवा आधीच्या माणसाने उलट्या पोलॅरिटीने जोडलेला असतो. बॅटरी तुमच्या अर्थिंगप्रमाणे जोडून घ्या, एफची वायर सोडवा आणि बॅटरीच्या लाइव्ह टोकाची वायर एफ टर्मिनलला क्षणभर टेकवून काढा. एवढंच. रेग्युलेटर जोडलेला ठेवून हा उद्योग करू नका.

गर्डर_काटा

फोर्कबद्दल. आडवा खेळ आहे म्हणजे लगेच नवे स्पिंडल लागतील असं नाही. दोन प्रकारचा खेळ वेगळा करा. पुढचं चाक उचलून घ्या. फोर्कच्या कड्या बाजूला सरकत असतील तर ते अॅडजस्टमेंटचं काम. स्पिंडल आपल्या बुशमध्ये वरखाली खुळखुळत असेल तर झीज.

अॅडजस्ट करताना स्पिंडलच्या दोन्ही टोकांचे नट सैल करा, मग चौकोनी टोकाला पाना लावून स्पिंडल थोडाच फिरवा. कडेला खाचांची कड असलेले वॉशर आहेत, ते बोटांनी जेमतेम फिरले पाहिजेत. बोटाने फिरत नाहीत म्हणजे जास्त आवळलं, आपोआप फिरतात म्हणजे ढिलं. नट परत आवळल्यावर पुन्हा तपासा, कारण आवळताना स्पिंडल थोडा ओढला जातो. बहुतेक जण इथे एकदाच तपासतात आणि गाडी वळणावर जड का लागते म्हणून विचारत बसतात.

झीज असेल तर स्पिंडल आणि बुश जोडीनेच बदला. टर्नरकडून साध्या माइल्ड स्टीलचा स्पिंडल करून घेणं म्हणजे तेच काम वर्षभरात परत. वर कडक, आत चिवट असं केस-हार्डन करून ग्राइंड केलेलं हवं. आणि क्रोम करू नका. ग्रीस गन लावल्यावर जुनं काळं ग्रीस दोन्ही टोकांनी बाहेर येईपर्यंत भरा. एकाच टोकाने आलं तर ग्रीसची वाट तुंबली आहे, स्पिंडल काढून तारेने साफ करा.

हिरवी_गाडी

गर्डरचा एवढा त्रास घेण्यापेक्षा मॅचलेस जी३/एल बघायची होती. १९४१ पासून टेलिड्रॉलिक (नळीत नळी सरकणारा) फोर्क, ३४७ सीसी ओएचव्ही (व्हॉल्व्ह वर हेडमध्ये), हलकी. स्वारांची ती लाडकी होती ते उगाच नाही.

बोअरस्ट्रोक

चालवायला जी३/एल सरसच. पण एम २० सव्वा लाखाच्या घरात बनल्या, सुटे भाग अजून मिळतात आणि साईड व्हॉल्व्हच्या हेडमध्ये बिघडायला काही नाही. ४.९:१ कॉम्प्रेशन, १३ हॉर्सपॉवर, कसलंही पेट्रोल पितं. नॉर्टन १६एच (४९० सीसी, ७९ × १००) ही दुसरी तशीच. असो, धागा एम २० चा आहे.

टॅपेटराव

तेलाबद्दल लिहितो, कारण ठिणगी आली की लोक लगेच किक मारतात.

ड्राय सम्प इंजिन आहे. टाकीतलं तेल पंप आत ढकलतो, दुसरी गिअरजोडी खालून खेचून परत टाकीत नेते. गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीतलं तेल पंपाच्या गिअरमधून झिरपत क्रँककेसमध्ये उतरतं. मग किक जड, सुरू झाल्यावर पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट, ब्रीदरमधून तेल. याला लोक 'रिंग गेल्या' म्हणतात आणि बोअर करायला धावतात. आधी खालची प्लेट उघडून तेल किती निघतं ते मोजा. अर्धा-पाऊण लिटर निघालं तर रिंगांचा काही दोष नाही.

उपाय पंपाजवळच्या बॉल व्हॉल्व्हमध्ये. बॉल बाहेर काढून सीट साफ करा, नवा स्टीलचा बॉल ठेवून ब्रासच्या दांड्याने एकच हलका ठोका द्या म्हणजे सीटवर त्याची गोल खूण बसते. स्प्रिंग नवी टाका, पण जास्त कडक नको, नाहीतर तेल आतच जाणार नाही. पंपाच्या टोकाच्या प्लेटवर ओरखडे असतील तर काचेवर बारीक पेपर ठेवून इंग्रजी आठच्या आकारात घासून सपाट करा.

उलटा रोगही आहे. परतीच्या पाइपच्या तळाशी एक बॉल असतो, तो चिकटला की तेल परत जात नाही आणि क्रँककेस चालता चालता भरतो. खालची जाळी काढून बारीक तारेने बॉल वर ढकलून बघा, स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे.

पहिल्यांदा सुरू केल्यावर तेलाच्या टाकीचं झाकण उघडं ठेवा. एका मिनिटात परतीच्या नळीतून तेल येताना दिसलं पाहिजे, आधी सलग, मग बुडबुड्यांसह अडखळत. अडखळणं चांगलं लक्षण आहे, परतीचा पंप मोठा असल्यामुळे तो मध्ये हवा खेचतो. नाही दिसलं तर बंद करा, 'थोडं थांबून बघू' नको.

काळी_टाकी

तेलाच्या लाइनला कॉक बसवला की प्रश्नच मिटतो.

टॅपेटराव

मिटतो, आणि ज्या दिवशी कॉक उघडायचा राहतो त्या दिवशी बिग-एंडही (कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग) मिटतं. कॉक बसवायचाच तर असा की तो बंद असताना मॅग्नेटो अर्थ होईल आणि गाडी सुरूच होणार नाही. साधा कॉक बसवलेली गाडी विकत घेताना बिग-एंड गेलेलं धरून भाव करावा.

साईडव्हॉल्व्ह

तेल कुठलं, यावर मारामारी होण्याआधी: साधं मिनरल एसएई ५० मोनोग्रेड. आधीच्या मालकाने काय वापरलं माहीत नसेल आणि इंजिन खालपर्यंत उघडणार नसाल तर डिटर्जंट असलेलं आधुनिक तेल टाकू नका. या इंजिनात गाळणं म्हणजे जाळी, बाकी काही नाही. सत्तर-ऐंशी वर्षांचा गाळ टाकीच्या तळाशी, क्रँककेसच्या कोपऱ्यांत बसलाय. डिटर्जंट तो सोडवतं आणि थेट बिग-एंडकडे पाठवतं. इंजिन पूर्ण उघडून, फ्लायव्हील वेगळी करून, तेलाच्या वाटा साफ केल्या असतील तर हवं ते वापरा.

फ्लायव्हील उघडलीच तर क्रँकपिनची कडकपणाची तपासणी करून घ्या. इथे पूर्वी झालेल्या दुरुस्त्यांमध्ये मऊ पिन फार निघतात. जोडताना दोन्ही शाफ्टांचं रन-आउट ०.००२ इंचाच्या आत आणा. प्रेसवाला 'चालतंय' म्हणेल. डायल गेज लावून स्वतः बघा.

आता वरचा भाग. हेड काढल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटपासून बोअरकडे चीर गेली आहे का, हे सगळ्यात आधी. साईड व्हॉल्व्हमध्ये जळालेला गॅस सिलिंडरच्या पोटातूनच बाहेर जातो, ती बाजू कायम तापलेली. टायमिंग मागे (ठिणगी उशिरा) ठेवून चालवलेल्या गाड्यांत चीर हमखास. घासून साफ केल्याशिवाय दिसत नाही. डाय-पेनिट्रंट मारा, दोन डब्यांचं काम आहे.

बोअर ८२ मिमी. रिंगचा गॅप ०.०१० ते ०.०१३ इंच, रिंग पिस्टनने ढकलून बोअरमध्ये सरळ बसवून मोजायचा. टॅपेट थंड इंजिनावर इनलेट ०.०१०, एक्झॉस्ट ०.०१२ इंच. कमी ठेवून 'आवाज येत नाही' म्हणून खूश होणारे लवकरच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बदलतात. तांब्याचं हेड गॅस्केट परत वापरायचं असेल तर मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवा, मऊ होतं.

तीनइंची

हेड उघडं आहे तोवरच इग्निशन टायमिंग लावून घ्या. नंतर प्लगच्या भोकातून पिस्टनची उंची मोजणं म्हणजे अंदाजपंचे. कॉम्प्रेशन स्ट्रोकवर, लिव्हर पूर्ण अॅडव्हान्स, पिस्टन टीडीसीच्या (पिस्टनची सगळ्यात वरची जागा) आधी ७/१६ इंच (११ मिमी). त्या क्षणी पॉइंट उघडायला सुरुवात झाली पाहिजे. पॉइंटमध्ये सिगारेटचा कागद धरा, हलका ताण द्या, सुटेल तो क्षण. मॅग्नेटोचा गिअर टेपरवर आहे, चावी नाही. पुलरने सैल करून फिरवायचा, लाकडी ठोकळ्याने ठोकून बसवायचा, नट आवळायचा आणि मग परत मोजायचं, कारण आवळताना हमखास दोन-तीन अंश सरकतो.

साईडकार_नको

रंगाचे थर घासून बघितले. सगळ्यात वर चकचकीत गडद हिरवा, खाली मळकट ऑलिव्ह, त्याखाली तपकिरी. तपकिरीखाली लालसर प्राइमर. फॅक्टरीचा रंग कुठला मग?

हिरवी_गाडी

तपकिरी. साधारण क्रम असा: युद्धाच्या सुरुवातीला खाकी ग्रीन नंबर ३. नंतर १९४२ च्या सुमारास एससीसी २ (एससीसी हे ब्रिटिश सैन्याच्या रंगांचे क्रमांक), हा तपकिरी. एप्रिल १९४४ पासून एससीसी १५, ऑलिव्ह ड्रॅब. युद्धानंतर चकचकीत ब्राँझ ग्रीन आला. भारतीय सैन्यात राहिलेल्या गाडीवर वरून आणखी एक हिरवा असू शकतो. म्हणजे तुमची गाडी १९४२ ते ४४ च्या दरम्यान बाहेर पडली, पुढे ऑलिव्हमध्ये रंगली, युद्धानंतर पुन्हा रंगली. कुठल्याही टप्प्याला न्या, पण सगळे भाग त्याच टप्प्याचे हवेत. १९४० चा खाकी आणि त्याबरोबर कॅनव्हासच्या मुठी, हे चालणार नाही. मलाया जपान्यांच्या हाती गेल्यावर रबर आटलं, तेव्हा हँडलच्या मुठींवर कॅनव्हास आला, फूटरेस्ट नुसते लोखंडी झाले, टाकीचे गुडघ्याचे रबर गेले. तुमच्या तपकिरी गाडीला हे शोभेल.

टाकीच्या मागच्या भागाला खोलगट दाब दिलेला असेल तर तो ठोकून सपाट करू नका. अपघाताचा पोचा नाही तो, टाकीवर बसणाऱ्या व्होक्स एअर फिल्टरच्या नळीसाठी आहे.

आणि कृपा करून क्रोम नको. रिमसुद्धा रंगवलेल्या होत्या. मॅट रंगावर लॅकरही नको. लांबी भरून आरशासारखी केलेली डब्ल्यूडी गाडी म्हणजे वराती घोडा. ओतकामाचे खड्डे, वेल्डिंगचे कण मुळातच होते, ते तसेच राहू द्या.

काळी_टाकी

नटबोल्टांचं? कॅडमियम कुणी करून देत नाही आता.

हिरवी_गाडी

विषारी आहे, करूही नये. साधं झिंक, पांढऱ्या पॅसिव्हेशनचं, नंतर स्टीलवूलने चमक मारून टाका. पिवळं झिंक घेऊ नका. स्प्रिंगा, फोर्कचे स्पिंडल आणि जास्त ताणाचे बोल्ट प्लेटिंगला द्यायचेच नाहीत. अॅसिडमध्ये हायड्रोजन शिरतो आणि पोलाद ठिसूळ होतं. ते भाग तेलात काळे करा.

गर्डर_काटा

क्लच राहिला. एम २० चा क्लच कोरडा चालतो, त्याच्यावर स्वतःचं घुमटासारखं झाकण असतं. ते झाकण वाकलेलं किंवा त्याची पॅकिंग गेलेली, म्हणून प्रायमरीचं तेल आत. प्लेटा पेट्रोलने धुऊन चार दिवस बऱ्या चालतात, मग लायनिंगमध्ये मुरलेलं तेल परत वर येतं. लायनिंग बदला, झाकणाची कड सपाट करा, आणि प्रायमरीत तेल फक्त चेनचा खालचा भाग बुडेल इतकंच.

जुन्या क्लच आणि ब्रेक लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असतो. ड्रमवर हवेचा पाइप मारून धूळ उडवायची सवय गॅरेजमध्ये आहे, ती इथे नको. पाण्याने ओलं करून पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

साईडव्हॉल्व्ह

टाकी: आत मूठभर बोथट खडी किंवा नट टाकून हलवणं ठीक, पण मूळ सोल्डर कमकुवत असेल तर सांधे सुटतात. सौम्य अॅसिडने गंज काढून सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच वाळवा. कोटिंग लावणार असाल तर इथेनॉल झेपणारंच. आता पंपावर ई२० मिळतं. ते पाणी ओढतं, कॉकचा बूच कुजवतं आणि जुन्या झिंकच्या कार्ब्युरेटरमध्ये पांढरी भुकटी करतं. महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि फ्लोट चेंबर दोन्ही रिकामे. मिश्रणही थोडं पातळ पडतं, मेन जेट एक पायरी मोठा लागू शकतो. एक्झॉस्टचा पाइप सिलिंडरजवळ रात्री लाल दिसला तर आधी टायमिंग मागे आहे का बघा, मग जेट.

उडती_पिसू

विषयांतर: रॉयल एनफील्ड डब्ल्यूडी/आरई, १२६ सीसी टू-स्ट्रोक, पॅराशूटने टाकायची ती, तिच्या फोर्कला स्प्रिंगच दिसत नाही. हरवली का?

गर्डर_काटा

हरवलेली नाही. तिला रबराचे जाड बँड असतात, तेच स्प्रिंगचं काम करतात. नवे मिळतात. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळू नका, फोर्क खाली आपटतो.

साईडकार_नको

ठिणगी निळी आली. सुरू करायची पद्धत सांगा. आणि बुलेट ५०० चं पिस्टन बसवा असं मेकॅनिक म्हणतोय, स्वस्त पडेल म्हणून.

बोअरस्ट्रोक

पिस्टन नको. बुलेटचा बोअर ८४, तुमचा ८२. मापाने जवळ दिसतं, पण पिनची जागा आणि पिस्टनचा माथा ओएचव्हीसाठी बेतलेला आहे, शिवाय सिलिंडर दोन मिमी खाऊन टाकावा लागेल. आहे त्या बोअरला ०.०२० किंवा ०.०४० ओव्हरसाइझ मूळ प्रकारचं पिस्टन घ्या.

सुरू करताना: पेट्रोल उघडा, टिकलर (फ्लोट चेंबरवरचं बटण) दाबून कार्ब्युरेटर ओला होऊ द्या, एअर लिव्हर बंद, इग्निशन लिव्हर अर्धा मागे, थ्रॉटल नावापुरता. व्हॉल्व्ह लिफ्टर दाबून किक कॉम्प्रेशनच्या जरा पुढे न्या, लिफ्टर सोडा, किक पूर्ण वर येऊ द्या आणि एकच लांब किक. पूर्ण अॅडव्हान्सवर मारली तर किक उलटते आणि घोटा सांभाळावा लागतो. सुरू झाल्यावर अॅडव्हान्स पुढे, एअर हळूहळू उघडा. स्पीडोमीटरचा काटा टप्प्याटप्प्याने उडत गेला तर तो क्रोनोमेट्रिक आहे, बिघडलेला नाही. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. रहदारीत जाण्याआधी मोकळ्या मैदानात सवय करा.

टॅपेटराव

पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर हेडचे बोल्ट थंड इंजिनावर मधून बाहेर, आडव्या क्रमाने पुन्हा आवळा आणि लगेच टॅपेट बघा. नव्याने घासलेली सीट बसते, तसा एक्झॉस्टचा गॅप कमी होतो. तेलही तेव्हाच बदला आणि जाळीत काय अडकलंय ते पांढऱ्या कपड्यावर ओतून बघा. राखाडी लगदा चालेल, चमकणारे कण नाहीत.

काळी_टाकी

कागदांचं: २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरमध्ये 'व्हीए' येतं, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, फेरनोंदणीची ५,०००, मुदत १० वर्षं. पण तशी नोंदवलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन अशा कामांना. तुमचं जुनं आरसी चालू असेल तर दोन्हींचा हिशोब करून ठरवा. आणि आरसीवरचा नंबर जिथे ठोकलाय त्या लगवर सँडब्लास्ट करू देऊ नका. ती जागा टेप लावून झाका, अक्षरं पुसट झाली की आरटीओसमोर समजावत बसावं लागतं.